एडिटिंगचं गाईड उघडलं, पुढे काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की घरच्या घरी गाईडबुक समोर ठेवून व्हिडिओ एडिटिंग शिकताय का, कुठे अडलात तर कळवा. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ असे सगळीकडून मेल आले आणि बरेचसे एकाच वळणावर अडलेले निघाले. नावं छापत नाहीये, कारण दोन-तीन जणांनी "ऑफिसात कळायला नको" असं मुद्दाम लिहिलंय.

ताई, मी राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, आयटीत. दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलंय. कंपनीच्या साइटवरून नवशिक्यांचं गाईड फुकट डाउनलोड केलं आणि रोज ट्रेनमध्ये मोबाइलवर वाचतो. चौथा धडा झाला, पण घरी सॉफ्टवेअर उघडलं की डोकं कोरं. शिवाय दुसरी एक पीडीएफ आहे ती तर तीन हजारांच्या वर पानांची, ती बघूनच धसका बसला. पुस्तक सोडून सरळ यूट्यूब धरू का?

यूट्यूबचं नंतर, आधी ट्रेनचं बोलू. ठाणे ते ऐरोली म्हणजे बसायला जागा मिळेस्तोवर उतरायची वेळ, आणि तेवढ्यात तुम्ही धडा वाचताय, म्हणजे डोळ्याखालून गेला पण हाताने काही केलंच नाही. हे पुस्तक वाचायचं नसतं हो, करायचं असतं. प्रत्येक धड्यासाठी कंपनीने सरावाच्या फाइल्स दिल्यात, पीडीएफच्या बाजूलाच असतात, पण जड असतात म्हणून लोक त्या घेतच नाहीत आणि नुसते स्क्रीनशॉट बघत बसतात. त्या आधी उतरवा. मोबाइल कीबोर्डच्या शेजारी उभा करा, एक ओळ वाचा, ती कृती करा, मग पुढची ओळ. अर्ध्या तासात दोनच पानं झाली तरी चालेल.

आता ती जाड पीडीएफ. ते गाईड नाहीच, ते रेफरन्स मॅन्युअल आहे. गाईड तुमचा हात धरून एका प्रोजेक्टमधून फिरवतं, मॅन्युअल प्रत्येक मेन्यूतला प्रत्येक पर्याय काय करतो ते सांगतं. ते पहिल्या पानापासून कोणीच वाचत नाही, त्यात कंट्रोल एफ मारून हवा तो शब्द शोधायचा आणि बंद करायचं. मला विचाराल तर मॅन्युअलची सवय लागली की यूट्यूबची गरज निम्म्याने कमी होते, कारण तिथे चार मिनिटांची प्रस्तावना आणि "चॅनल सबस्क्राइब करा" नसतं. यूट्यूब कधी? तर आपण नेमके कशावर अडलोय ते एका वाक्यात सांगता येत असेल तेव्हा. ते सांगता येत नसताना तिथे गेलात तर रात्री एक वाजता तुम्ही कुठल्यातरी आगीच्या इफेक्टचा व्हिडिओ बघत असणार.

डोकं कोरं होण्याचं अजून एक कारण आहे आणि ते तुमचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. खाली सात बटणं दिसतात ना, मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर, ती मुळात एका घरातली नाहीत. दा विंची हे रंग सुधारायचं महागडं यंत्र होतं, ते ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये घेतलं, २०१४ मध्ये इफेक्टवालं फ्यूजन घेतलं, २०१६ मध्ये ध्वनीवालं फेअरलाइट, आणि हे सगळं एका छताखाली आणून बसवलं. म्हणून एका पानावरून दुसऱ्यावर गेलं की वेगळंच सॉफ्टवेअर उघडल्यासारखं वाटतं. तुम्ही सध्या मीडिया, एडिट आणि डिलिव्हर एवढीच तीन पानं धरा. कलर त्यानंतर. फ्यूजनला तर वर्षभर हात नाही लावलात तरी काही बिघडत नाही, त्यात नोड (इफेक्टचे छोटे ठोकळे) जोडत बसण्यात महिना कधी गेला कळत नाही आणि हातात एकही पूर्ण व्हिडिओ नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, धडा संपला की तोच प्रकार स्वतःच्या फुटेजवर करा, त्याच दिवशी. गाईडमधलं फुटेज फार गुणी असतं, प्रत्येक शॉट स्थिर, आवाज स्वच्छ, क्लिपला नीट नावं. तुमच्याकडे असणार सोसायटीच्या विसर्जनाचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, ढोलताशात बुडालेलं, मध्येच कोणाचा तरी हात लेन्सवर. त्यातून तीन मिनिटं काढायची म्हटलं की गाईडमधले चार शब्द एकदम कामाला येतात: रिपल, रोल, स्लिप, स्लाइड. रिपल म्हणजे एक क्लिप आखूड केली की मागचं सगळं पुढे सरकतं, एकूण लांबी बदलते. रोल म्हणजे दोन क्लिपमधला जोड फक्त मागेपुढे होतो, लांबी तीच राहते. स्लिपमध्ये क्लिप जागची हलत नाही, आतला मजकूर सरकतो. स्लाइडमध्ये क्लिप सरकते आणि शेजारच्या दोघी जागा करून देतात. हे वाचून गुंतागुंतीचं वाटतं, मान्य. पण ताशाच्या ठोक्यावर कट ठेवा, मग रोल करून तो दोन-तीन फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) अलीकडे घ्या आणि परत प्ले करा, फरक लगेच जाणवेल. तबला ऐकायची सवय असेल तर समेवर कट ठेवून बघा, मग समेच्या जरा आधी. हा दोन-तीन फ्रेमचा फरक कुठलंच गाईड तुमच्यासाठी ठरवू शकत नाही.

ट्रेनमध्ये वाचायचंच असेल तर कीबोर्ड शॉर्टकटचं पान वाचा. तेवढं मात्र वाचून पाठ होतं.

मॅडम, वाशीत कॉलेजला आहे. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरचं जाड पुस्तक सेकंडहँड मिळालं, पण जुन्या व्हर्जनचं आहे. पुस्तकातली स्क्रीन आणि माझी स्क्रीन जुळतच नाही. पैसे वाया गेले का?

नाही रे. २०२२ मध्ये प्रीमियरवाल्यांनी वरती इम्पोर्ट, एडिट, एक्स्पोर्ट असे तीन भाग केले, त्यामुळे पहिलाच धडा जुळत नाही आणि पोरं तिथेच पुस्तक मिटतात. जुनं टायटल टूलही आता काढून टाकलंय, तो धडा सोडून दे. पण जे, के, एलने मागेपुढे फिरवणं, आय आणि ओने सुरुवात-शेवट लावणं, व्ही म्हणजे सिलेक्शन, सी म्हणजे रेझर (क्लिप कापायचं टूल), क्यू आणि डब्ल्यूने प्लेहेडपर्यंतचा (व्हिडिओ कुठे चालू आहे ते दाखवणाऱ्या रेघेपर्यंतचा) भाग उडवणं, हे जसंच्या तसं आहे. पुस्तकाबरोबरची सीडी किंवा डाउनलोडचा कोड नसेल तर मात्र अर्धी मजा गेली, मग सगळे धडे स्वतःच्या फुटेजवर कर.

खरंच पुस्तक रद्दीत जायची वेळ एकदा आली होती, फायनल कट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांवर. २०११ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो टेन आणलं आणि टाइमलाइनच (जिथे क्लिप ओळीने मांडतात ती) मुळापासून बदलली, ट्रॅक गेले, क्लिप एकमेकींना चुंबकासारख्या चिकटायला लागल्या, जुने प्रोजेक्टसुद्धा त्यात उघडेनात. व्यावसायिक लोक जाम भडकले होते तेव्हा. तसं काही तुझ्या बाबतीत झालेलं नाही. मेन्यूतली जागा बदलली असेल तर तेच नाव हेल्पमध्ये टाकून बघ, बहुतेक वेळा नाव तेच असतं, घर बदललेलं असतं.

नमस्कार ताई, मुलीचा भरतनाट्यमचा कार्यक्रम गडकरी रंगायतनला झाला. दोन मोबाइल आणि भाच्याचा कॅमेरा असं शूटिंग केलं. मोबाइलच्या व्हिडिओत उजेड लुकलुकतो, आडवे पट्टे सरकताना दिसतात. गाईडच्या धड्यात प्रोजेक्ट सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर होता म्हणून मीही तेच ठेवलं. त्यामुळे झालं का?

लुकलुकणं त्यामुळे नाही, ते शूटिंगमधलंच आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही गाईडमध्ये नीट मिळत नाहीत, कारण ही गाईडं बहुतेक अमेरिकेतल्या सवयीने लिहिलेली असतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाचा १/५० किंवा १/१०० भाग उघडं असेल तर प्रत्येक फ्रेमला उजेड सारखा पडतो, १/६० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळा आणि मग पट्टे चालायला लागतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या लोकांना १/६० चालतं. टीव्हीचंही तसंच. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ फ्रेम. तिकडे मूळ ३० होतं, १९५३ मध्ये रंग आणताना तांत्रिक भानगडीमुळे किंचित हळू करून २९.९७ केलं. २३.९७६ हा त्याच हिशोबातला सिनेमाच्या २४ चा धाकटा भाऊ. म्हणून गाईडमध्ये ड्रॉप फ्रेम टाइमकोड (फ्रेमना क्रमांक द्यायची एक पद्धत) नावाचं एक भयंकर पान असतं, २९.९७ ला ३० समजून मोजलं तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो म्हणून अधूनमधून आकडे गाळायचे वगैरे. तुम्ही २५ वर काम करत असाल तर ते पान बिनधास्त सोडा, परीक्षेला येणार नाही.

पुढच्या वेळी शूट करताना २५ फ्रेम आणि १/५० शटर लावा. आयफोनमध्ये २५ दिसत नसेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओमध्ये पाल फॉरमॅट्स दाखवायचं बटण आहे ते चालू करा. अँड्रॉइडमध्ये साध्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा २५ मिळत नाही, प्रो व्हिडिओ मोड असेल तर निदान शटर तरी १/५० वर बांधता येतं. आणि स्टेजमागे एलईडी स्क्रीन असेल तर हा हिशोब लागू होईलच असं नाही, तिचं लुकलुकणं वेगळ्याच गतीचं असतं, तिथे कार्यक्रमाआधी शटर इकडेतिकडे करून बघणं एवढाच उपाय.

आता हातात आहे त्याचं काय. प्रोजेक्टचा फ्रेम रेट ठरवायच्या आधी प्रत्येक क्लिपचा बघा. भाच्याचा कॅमेरा २५ वर आणि मोबाइल ३० वर असणार असा माझा अंदाज. नाचाच्या व्हिडिओत ३० चं २५ केलं तर फ्रेम गळतात आणि गिरकी घेताना झटके दिसतात, म्हणून ज्या कॅमेऱ्याचं फुटेज जास्त वापरणार त्याच्या रेटवर टाइमलाइन ठेवा. २५ म्हणजे काही धर्म नाही. रिझॉल्व्हमध्ये एकदा फुटेज आत घेतलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलू देत नाही, म्हणून नवा प्रोजेक्ट उघडून सुरुवात करा. मोबाइल बऱ्याचदा फ्रेम रेट स्थिर ठेवतच नाहीत, कमीजास्त करतात, आणि मग दहाव्या मिनिटाला पायाची थाप आणि आवाज वेगळे पडायला लागतात. तसं झालं तर हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून आधी स्थिर फ्रेम रेटची कॉपी काढून घ्या, मग एडिटला बसा.

तीन कॅमेरे जुळवायला सॉफ्टवेअरमध्ये आवाजावरून सिंक करायची सोय आहे, आणि भरतनाट्यमला तर तुमचं नशीबच, नट्टुवांगमच्या (नाचाला ताल धरण्याच्या) टाळाचा ठोका वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) सुईसारखा उभा दिसतो, हाताने जुळवलं तरी दोन मिनिटांत होतं.

लुकलुकणारा भाग जमेल तेवढा भाच्याच्या कॅमेऱ्याने झाका. डीफ्लिकर नावाचा इफेक्ट रिझॉल्व्हच्या पैसेवाल्या व्हर्जनमध्ये आहे, थोडाफार उपयोग होतो, सरकणारे पट्टे त्याने पूर्ण जातील अशी आशा ठेवू नका.

ताई, व्हिडिओवर मराठी नाव टाकलं की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. गाईडमध्ये याबद्दल एक अक्षर नाही!

नसणारच, लिहिणाऱ्याला कधी "त्र्यंबक" टाइप करावं लागलं नाही. प्रीमियरमध्ये असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स उघडा, तिथे टेक्स्ट इंजिन असतं, ते साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्नवर करा आणि नवीन टेक्स्ट लेयर घेऊन लिहा, जुनाच लेयर कधीकधी हट्ट धरून बसतो. दुसरी गोष्ट फाँट. डीटीपीवाल्याकडून मजकूर आला असेल तर तो बहुतेक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो, तो पेस्ट केला की अगम्य चिन्हं उमटतात. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. फाँट मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचे आहेत, फुकट आहेत आणि पडद्यावर ठसठशीत दिसतात. नोटो सान्स देवनागरीही चालेल.

मी कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिले "विठ्ठल, दुसऱ्या, कीर्ती, त्र्यंबक" एवढं टाइप करून बघते. हे चार नीट आले की पुढे फारसा त्रास होत नाही. नाहीच आले तर दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून पारदर्शक बॅकग्राउंडची पीएनजी काढायची आणि टाइमलाइनवर ठेवायची, सुंदर उपाय नाही पण लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्यामुलाचं नाव चुकण्यापेक्षा बरा. सबटायटलची फाइल असेल तर सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ ८ ठेवा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं.

मुलगा बारावी झालाय, एडिटिंगच करणार म्हणतोय. क्लासवाले भली मोठी फी सांगतायत. पुस्तकावरून शिकला तर काम मिळेल का? आणि कुठलं सॉफ्टवेअर घेऊन देऊ? (कळव्याहून एक आई)

काकू, सॉफ्टवेअर आत्ता विकत घेऊच नका. रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन अल्ट्रा एचडीपर्यंत व्हिडिओ काढून देतं, त्यावर वॉटरमार्क येत नाही, शिकायला ते पुरून उरतं. पैसेवाल्याची अमेरिकेतली किंमत २९५ डॉलर आहे पण ती एकदाच. प्रीमियरला २०१३ पासून भाडं भरत राहावं लागतं, मात्र जाहिरातीच्या आणि डिजिटलच्या ऑफिसात ते फार ठिकाणी चालतं, तेव्हा नोकरी दिसायला लागली की ते शिकून घ्यावं. एक शिकलेल्याला दुसरं पटकन येतं, रिझॉल्व्हमध्ये तर शॉर्टकट प्रीमियरसारखे करून घ्यायचीही सोय आहे.

फीपेक्षा पैसे मशीनवर घाला. रॅम १६ जीबीच्या खाली नको, ग्राफिक्स कार्ड वेगळं असलेलं बरं, आणि एक बाहेरची एसएसडी. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलेलं फोरके फुटेज तासाला ४५ जीबी होतं, लॅपटॉपची डिस्क दोन कार्यक्रमांत भरते.

क्लासला मी सरसकट नाही म्हणणार नाही. पोरगा एकटा बसून पुस्तक करणारा नसेल तर क्लासमध्ये निदान वेळेवर बसेल. पण फी भरायच्या आधी मागच्या बॅचच्या मुलांनी केलेलं काम दाखवा म्हणा, वॉल पोस्टर नको, काम. गाईड संपल्यावर रिझॉल्व्हची कंपनी ऑनलाइन परीक्षा घेते, पास झालं की सर्टिफिकेट देते, तेही फुकट, ते त्याने जरूर करावं. काम देणारा मात्र सर्टिफिकेट क्वचित बघतो, तो विचारतो "काय केलंयस ते पाठव". म्हणून सहा महिन्यांत त्याच्याकडे चार-पाच पूर्ण झालेले छोटे व्हिडिओ हवेत: एखाद्या दुकानाची जाहिरात, कोणाची तरी मुलाखत, शाळेचं गॅदरिंग, असं वेगवेगळं.

मी निवृत्त शिक्षक, नौपाड्यात राहतो. गाईड इंग्रजीत आहे, तांत्रिक इंग्रजी अडतं. मराठीतलं घ्यावं का?

सर, इंग्रजीतलंच ठेवा. मेन्यू इंग्रजीतच आहेत, मराठी पुस्तकात "तरंग छाटणी" असं काही वाचलंत तर ते स्क्रीनवर कुठे शोधणार? वाक्यं सोपी असतात, इथे क्लिक करा, हे ड्रॅग करा. अडणारे शब्द चाळीस-पन्नासच्या वर नाहीत, वहीत एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला तो काय करतो ते तुमच्या भाषेत लिहा. अशी वही तयार झाली तर मला एक झेरॉक्स पाठवा, खरंच.

फोरके फुटेज टाकलं की लॅपटॉप गचके देतो. नवीन घ्यावा का? (नेरूळ)

आधी प्रॉक्सी करून बघा. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून जनरेट प्रॉक्सी मीडिया, प्रीमियरमध्येही तशीच सोय आहे. म्हणजे एडिट करताना हलकी कॉपी चालते आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलमधून होतो. रात्री लावून झोपा, सकाळी तयार. गाईडमध्ये हा भाग बराच मागे असतो, तुम्ही तो पहिल्या धड्यानंतरच करा.

पेनड्राइव्हवरून एडिट केलं, पेनड्राइव्ह काढला आणि सगळा व्हिडिओ लाल झाला, मीडिया ऑफलाइन म्हणतोय. मेहनत गेली का?

नाही गेली. प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच, कुठली फाइल कुठून कुठपर्यंत वापरायची एवढी टिपणं असतात. पेनड्राइव्ह परत लावा, बहुतेक आपोआप येईल. नाही आलं तर रिझॉल्व्हमध्ये रीलिंक, प्रीमियरमध्ये लिंक मीडिया करून फोल्डर दाखवा. मग सगळं फुटेज एसएसडीवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून परत लिंक करा. पेनड्राइव्ह त्याआधी फॉरमॅट करू नका.